कंपनी बदलण्याआधी जरा थांबा, ताई

ताई, पहिली क्रूझ फसली, आता कंपनी बदलू का, असं विचारलंत. त्यासाठी समुद्रावर राग धरू नका. आमचीही फसली होती. इथे बडोद्याच्या दांडिया बाजारात महिनाभर तोच विषय! पण आधी ठरवा, चुकलं नेमकं कुणाचं: कंपनीचं, जहाजाचं की केबिनचं? तुमच्या तक्रारी दोन: सगळीकडे रांगा, आणि रात्रभर डोक्यावर खुर्च्या सरकवल्याचा आवाज. दुसरीत चूक केबिनची. बुफे किंवा पूलच्या खालची खोली घेतली तर कंपनी कुठलीही असो, झोपेचं खोबरंच. वर-खाली केबिनच असतील अशी, मध्यावरची, खालच्या मजल्यावरची घ्या. हेलकावेही कमी लागतात.

पहिलीत, म्हणजे रांगांत, चूक जहाजाची. गर्दीचा हिशेब सोपा: ग्रॉस टनेज (जहाजाच्या आतल्या जागेचं माप, वजन नव्हे) भागिले प्रवासी. 1,00,000 ग्रॉस टनेजच्या जहाजात 2,500 माणसं म्हणजे माणशी 40, ऐसपैस. हा आकडा 30 च्या खाली गेला की कोपराला कोपर.

नवखे हमखास चुकतात ते इथे:
- नुसतं भाडं बघतात. रोजच्या माणशी टिप्स, वाय-फाय, पेयं धरून तुलना करा.
- सुटायच्या दिवशीच बडोद्याहून गाडी धरतात. जहाज थांबत नाही हो. आदल्या दिवशीच मुंबई गाठा.

जैन जेवण हवं तर बुकिंग करतानाच सांगा. लॉयल्टी पॉइंट (त्याच कंपनीकडे परत परत गेल्यावर मिळणारे) वगैरे नंतर. आधी तीन-चार रात्रींचीच सफर घ्या.