गुडघ्यातला एसीएल (पुढचा क्रूसाकार अस्थिबंध) कुठे चिकटतो? आधी हाड हातात घे

आकृत्या पाठ करत बसू नकोस. डिपार्टमेंटमधून सुटी फीमर (मांडीचं हाड) आणि टिबिया (नडगीचं हाड) मागून घे आणि खडूने जागा रंगव. एक संध्याकाळ पुरते.

एसीएलची दिशा विसरत असशील, तर उजवा हात पँटच्या उजव्या खिशात घाल. बोटं खाली, पुढे आणि आत जातात. उजव्या गुडघ्यातला एसीएलही तसाच. सुरुवात फीमरच्या बाहेरच्या कॉन्डाइलच्या (खालच्या टोकाच्या गोलसर उंचवट्याच्या) आतल्या भिंतीवर, अगदी मागे. शेवट टिबियाच्या माथ्यावर, आतल्या उंचवट्याच्या पुढे आणि किंचित बाहेर. पीसीएल (मागचा क्रूसाकार अस्थिबंध) बरोबर उलट: आतल्या कॉन्डाइलवरून निघून टिबियाच्या मागच्या बाजूला, सांध्याच्या पातळीच्याही खाली उतरतो. म्हणून पुढून पाहणाऱ्याला त्याची टिबियावरची जागा सापडत नाही.

आता फीमरच्या त्या भिंतीवर बोट फिरव. एक बारीक कंगोरा लागेल. याला 'रेसिडेंट्स रिज' म्हणतात, कारण शिकाऊ डॉक्टर दुर्बिणीतून पाहताना यालाच भिंतीची मागची कड समजतात (नाव ठेवणारा नक्कीच सीनियर असणार!). एसीएलची जागा या कंगोऱ्याच्या मागे असते, आणि गुडघा ९० अंशांत वाकवला की ती खाली दिसते. फसलास तर शस्त्रक्रियेत नव्या एसीएलसाठी हाडात पाडायचा बोगदा फार पुढे पडतो, मग गुडघा वाकवताना ग्राफ्ट (त्यात बसवलेला नवा कंडरा) ताणला जातो.

बाहेरच्या बाजूला एवढंच बघ: पॉप्लिटियसचा (गुडघ्यामागच्या स्नायूचा) कंडरा फीमरवर एलसीएलच्या (बाहेरच्या बाजूच्या अस्थिबंधाच्या) पुढे आणि खाली चिकटतो. तोंडी परीक्षेत हे हमखास विचारतात.