आधी माँटगमेरी वाचा

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचा इतिहास वाचायला घेताय, तर सनावळ्या पाठ करत बसू नका. एकच घटना धरा आणि तिच्या खोलात शिरा. माझं ऐकाल तर अलाबामातल्या माँटगमेरीचा बस बहिष्कार घ्या.

१ डिसेंबर १९५५ ला रोझा पार्क्स यांनी गोऱ्या प्रवाशासाठी जागा सोडायला नकार दिला, त्यांना अटक झाली, एवढं बहुतेकांना माहीत असतं. पण 'दमलेली शिवणकाम करणारी बाई' एवढीच त्यांची ओळख देणारं लिखाण बाजूला ठेवा. त्या एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या स्थानिक शाखेच्या सचिव होत्या, चळवळीत मुरलेल्या. त्याच वर्षी मार्चमध्ये १५ वर्षांच्या क्लॉडेट कॉल्व्हिननेही जागा सोडली नव्हती. तिचं नाव मागे पडलं, याची मला फार चुटपुट लागते.

पार्क्स यांच्या अटकेच्या रात्री जो ॲन रॉबिन्सन या प्राध्यापिकेने कॉलेजच्या यंत्रावर हजारो पत्रकं काढली: सोमवारी बसमध्ये चढू नका. लोक ३८१ दिवस चढले नाहीत. पायी गेले, एकमेकांच्या गाड्यांतून गेले. बसमधला भेदभाव घटनाबाह्य ठरला तो ब्राउडर विरुद्ध गेल खटल्यात, आणि त्यातल्या फिर्यादींमध्ये कॉल्व्हिन होती, पार्क्स नव्हत्या! म्हणून निकालपत्रंही वाचाच.

मग मागे १८९६ च्या, वर्णभेद कायदेशीर ठरवणाऱ्या प्लेसी खटल्याकडे जा, पुढे १९६४-६५ च्या नागरी हक्क आणि मतदान हक्क कायद्यांकडे. आणि डॉ. आंबेडकरांनी १९४६ मध्ये ड्यू बॉइस या कृष्णवर्णीय विचारवंतांना लिहिलेलं पत्र जरूर मिळवा. कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांना दिलेल्या निवेदनाच्या प्रती त्यांनी त्यात मागितल्या होत्या.