खुनी आधीच कळला, मग 'डबल इन्डेम्निटी' बघायचा कशाला?

तुमचा प्रश्न असा की, वॉल्टर नेफ सुरुवातीलाच ऑफिसातल्या डिक्टाफोनवर (बोललेलं टिपून घेणाऱ्या यंत्रावर) खुनाची कबुली देऊन मोकळा होतो, पैसा आणि बाई दोन्ही हातचं गेलं हेही सांगून टाकतो; मग उरलेले पावणेदोन तास काय बघायचं?

कीज बघायचा, सिनेमातला क्लेम तपासनीस. माझी सगळी नोकरी विमा कंपनीच्या क्लेम खात्यात गेली, त्यामुळे माझं मत थोडं एकतर्फी आहे, तेवढं सांभाळून घ्या.

बिली वाइल्डरचा हा 1944 चा सिनेमा. जेम्स केनच्या कथेवर वाइल्डर आणि रेमंड चँडलर यांनी पटकथा लिहिली. लॉस एंजेलिसमधला विमा एजंट नेफ (फ्रेड मॅकमरे) गाडीच्या पॉलिसीचं नूतनीकरण करायला एका घरी जातो आणि मालकाच्या बायकोच्या, फिलिसच्या (बार्बरा स्टॅनविक) नादी लागतो. तिचा सोनेरी विग लांबूनही खोटा दिसतो. असू दे, त्या बाईला तो शोभतो. दोघं नवऱ्याच्या नकळत अपघात पॉलिसीवर त्याची सही घेतात. मरण रेल्वेत आलं तर दुप्पट रक्कम, पन्नास हजार डॉलरचे एक लाख. सिनेमाचं नाव त्या कलमाचं आहे. हे नुसतं कल्पनेतलं नव्हे: 1927 मध्ये न्यूयॉर्कच्या रूथ स्नायडरने नवऱ्याच्या नकळत असाच विमा उतरवून प्रियकराच्या मदतीने त्याला मारलं होतं. पुढच्याच वर्षी दोघांना विजेच्या खुर्चीत बसवलं.

आता कीज. नेफच्याच ऑफिसात क्लेम तपासणारा बुटका, चिडका माणूस, एडवर्ड जी. रॉबिन्सनने केलेला. नवरा चालत्या रेल्वेतून पडून मेला असा बनाव दोघांनी केलेला असतो. वरचे साहेब म्हणतात, ही आत्महत्या आहे, पैसे देऊ नका. कीज त्यांना आत्महत्यांचे तक्ते तोंडपाठ ऐकवतो: विष किती प्रकारचं, उडी कुठून कुठून. ताशी पंधरा मैलांनी जाणाऱ्या गाडीच्या मागच्या टोकावरून उडी मारून कोण मरायला जाईल? मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा एकटाच टाळी वाजवली होती.

पण खरी गंमत पुढे आहे. घरी जेवताना त्याच्या पोटात काहीतरी अडतं. मेलेल्या माणसाचा पाय आधीच मोडलेला होता. अपघाताचा विमा होता, पाय मोडला, तरी त्याने क्लेम का नाही केला? खुनाच्या सगळ्या बनावात हीच फट आहे, आणि ती पिस्तूल घेऊन फिरणाऱ्याला दिसत नाही, फाइल वाचणाऱ्याला दिसते. खात्यात राहिलेल्या माणसाला विचारा, आलेल्या कागदापेक्षा न आलेला कागद जास्त बोलतो.

तेव्हा 'कोण' हा प्रश्न आपल्याला नसतोच, तो कीजला असतो. खुनी तर टेबलापलीकडे बसून त्याची सिगार पेटवून देतोय. काखेत कळसा आणि गावाला वळसा! आपल्याला उत्तर माहीत असल्यामुळेच प्रत्येक भेटीत जीव टांगणीला लागतो. त्यात वाइल्डर आपल्यालाही गुन्ह्यात ओढतो. प्रेत रुळांवर टाकून दोघं गाडीत बसतात आणि गाडी सुरूच होत नाही. दोनदा, तीनदा किल्ली फिरते. त्या क्षणी ती सुरू व्हावी असं मला मनापासून वाटलं होतं. नंतर स्वतःचीच लाज वाटली.

नवऱ्याचा विश्वासघात झाला, तो कथानकापुरता. मला लागतो तो कीजचा. नेफला तो आपल्या खात्यात मदतनीस म्हणून मागतो, पगार पन्नास डॉलर कमी असेल हेही सांगतो, आणि नेफ नाही म्हणतो. अख्ख्या ऑफिसात कीजचा विश्वास तेवढा याच एका माणसावर.

शेवट माहीत नको असेल तर इथेच थांबा.

वाइल्डरने नेफला गॅस चेंबरमध्ये दिलेल्या मृत्युदंडाचं दृश्य चित्रित केलं होतं, कीज बाहेरून बघतोय असं. मग ते काढूनच टाकलं. आता सिनेमा ऑफिसच्या दारात संपतो. रक्ताने भिजलेला नेफ जमिनीवर पडलाय, सिगारेट ओठात धरलीय, पण काडी ओढायची ताकद उरलेली नाही. सिनेमाभर काडी नेफ ओढत आलाय. या वेळी कीज ओढतो.