बेसबॉलमधले पिचर (चेंडू टाकणारे) पैशासाठी संघ सोडून जातात, तरी त्यांना एवढे मोठे करार का देतात? आणि प्लेऑफ (मोसमाअखेरचे बाद फेरीचे सामने) पिचिंगवरच जिंकतात का?

प्रश्नात 'पैशासाठी' हा शब्द आहे म्हणून लिहायला बसलो. नाहीतर पिचिंग मोठं की बॅटिंग यावर माझ्याहून जास्त जाणणारे इथे पन्नास जण आहेत, ते आकडेमोड करून सांगतीलच.

पिचर पैशासाठी जातो. जावंच त्याने. घाईत असाल तर उत्तर इथे संपलं.

आता सविस्तर. मी मेट्सवाला, म्हणजे न्यू यॉर्कच्या मेट्स संघाचा चाहता. अमेरिकेत आलो तेव्हा पहिलं बिऱ्हाड क्वीन्समध्ये फ्लशिंगला होतं. गणपतीचं देऊळ चालत, मैदान सात नंबरच्या गाडीने एक स्टेशन. शहराचा दुसरा संघ यांकीज पार तिकडे ब्रॉंक्समध्ये. त्यामुळे निवड मी केलीच नाही, ती घरभाड्याने केली. पुढे न्यू जर्सीत आलो, पण आजार सोबत आला. माझा साडूही मेट्सवाला, त्याला मीच लावलं, आणि आमचं भांडणही त्यावरूनच.

२०२२ सालची गोष्ट. मेट्सने १०१ सामने जिंकले. अटलांटानेही १०१. पण आपसातल्या सामन्यांत अटलांटा १०-९ ने पुढे, म्हणून गटविजेते ते. शेवटून दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस अटलांटात तीन सामने होते, त्यातला एक जरी काढला असता तरी चित्र वेगळं असतं. डिग्रॉम, शर्झर, बॅसिट अशा तीन तगड्या पिचरांना ओळीने उतरवलं आणि तिन्ही हरलो. म्हणजे १०१ सामने जिंकून वाइल्ड कार्डच्या (प्लेऑफच्या पहिल्या फेरीच्या) तीन सामन्यांच्या मालिकेत, समोर ८९ विजयांचं सॅन डिएगो.

शुक्रवारी मॅक्स शर्झर. तीन वर्षांचे १३ कोटी डॉलर घेणारा माणूस. चार होमरन (क्रिकेटच्या षटकारासारखे फटके) खाल्ले, सात धावा दिल्या, ७-१ ने हरलो. शनिवारी आमची तिकिटं होती. आधी देवळाच्या कँटीनमध्ये डोसा, मग मैदान. जेकब डिग्रॉमने सहा इनिंग (सामन्यातल्या नऊ छोट्या डावांपैकी) टाकल्या, आठ जणांना बाद केलं, आम्ही ७-३ ने जिंकलो. ताशी नव्व्याण्णव मैलांचा चेंडू कॅचरच्या ग्लोव्हमध्ये बसतो तेव्हा होणारा आवाज टीव्हीवर कळत नाही. मेट्सच्या कपड्यांतला तो त्याचा शेवटचा सामना ठरेल हे तेव्हा ठाऊक नव्हतं. साडूला मात्र ठाऊक होतं म्हणे. परतीच्या गाडीत म्हणाला, "हा आता जाणार बघा. पैशाच्या मागे."

रविवारी, ९ ऑक्टोबरला, कोजागिरी होती. साडूकडे एडिसनला पंधरा-वीस माणसं, गॅसवर मोठ्या पातेल्यात दूध आटतंय, टीव्हीवर तिसरा सामना. सॅन डिएगोचा जो मस्ग्रोव्ह आमच्या लोकांना बॅट लावू देत नव्हता. सहाव्या इनिंगला आमचे मॅनेजर बक शोवॉल्टर बाहेर आले आणि अंपायरना म्हणाले, याचे कान तपासा. कान खरंच चकाकत होते, चिकट काही लावलंय असा संशय. अंपायरने भर मैदानात, सगळ्या देशासमोर, त्या सहा फुटी बाप्याचे कान चोळून पाहिले. साडूच्या आई साताऱ्याहून आल्या होत्या, त्यांना खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्या एकदम म्हणाल्या, "अगं बाई, एवढ्या मोठ्या माणसाचे कान पिळतायत! काय केलं त्याने?" सगळे हसले. कानांत काही सापडलं नाही. मस्ग्रोव्हने सात इनिंगमध्ये एकच हिट (यशस्वी फटका) दिला, सॅन डिएगो ६-० ने जिंकलं, आणि कान बघायला म्हणून साडू चुलीजवळून हलला होता, ते दूध खाली लागलं. बदाम, केशर, जायफळ सगळं घालून जळका वास काही गेला नाही. तेच प्यालो.

डिसेंबरच्या सुरुवातीला बातमी आली. डिग्रॉम टेक्सास रेंजर्सकडे, पाच वर्षांचे साडेअठरा कोटी डॉलर. साडूचा मेसेज दोन मिनिटांत. "गेला ना? सांगितलं होतं."

आता हे 'गेला' प्रकरण नीट समजून घ्या, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे. आयपीएलच्या लिलावाची सवय असलेल्यांना विचित्र वाटेल, पण मेजर लीगमध्ये (बेसबॉलच्या सर्वांत वरच्या स्पर्धेत) सहा वर्षांची सेवा होईपर्यंत खेळाडूला स्वतःचा भाव ठरवता येत नाही. पहिली तीनेक वर्षं जवळपास किमान पगार, पुढची लवादावर. डिग्रॉम मेट्सकडे आला तो २०१० च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) नवव्या फेरीत. कॉलेजात तो मुळात शॉर्टस्टॉप, म्हणजे क्षेत्ररक्षक. त्याच वर्षी कोपराचं लिगामेंट गेलं, टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली, आणि मोठ्या मैदानावर यायला २०१४ उजाडलं. वय जवळपास २६. त्या वर्षी किमान पगार पाच लाख डॉलर होता, आणि हा पठ्ठ्या त्या वर्षी रुकी ऑफ द इयर (सर्वोत्तम नवोदित). २०१८ मध्ये त्याचा ईआरए (दर नऊ इनिंगमागे दिलेल्या धावांची सरासरी, कमी तितकी चांगली) १.७० होता. बाकी काही नाही तरी एवढा आकडा लक्षात ठेवा. साय यंग, म्हणजे सर्वोत्तम पिचरचं बक्षीस, मिळालं. आणि त्याच्या नावावर विजय किती? १०. पराभव ९. त्याने ३२ सामने सुरू केले (पहिल्या चेंडूपासून पिचिंग त्याचं), त्यातले १८ मेट्स हरले, कारण आमच्या बॅट्समननी धावाच केल्या नाहीत. असा माणूस चार वर्षं थांबला, २०१९ मध्ये करार वाढवून राहिला, आणि ३४ व्या वर्षी कोणी पाच वर्षांची हमी दिली तर तो गेला. याला पैशाच्या मागे जाणं म्हणत असाल तर म्हणा.

मला हे एवढं का लागतं, तेही सांगून टाकतो. मी एका कंपनीत बारा वर्षं काढली. मध्ये एकदा बाहेरून चांगली ऑफर आली होती, पगार वीस टक्के जास्त. साहेब म्हणाले, तू तर घरातला माणूस. राहिलो. पाच वर्षांनी एका मंगळवारी घरातल्या माणसाला अकरा मिनिटांच्या मीटिंगमध्ये काढलं. अकरा मिनिटं मी मोजली, कारण समोर घड्याळ होतं आणि समोरच्याच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. बॅज काढून घेतला, आणि ज्या पोराला मीच शिकवलं होतं तो खोकं घेऊन गाडीपर्यंत सोडायला आला. त्या रात्री हाच साडू घरी आला, पाठीवर हात ठेवून म्हणाला, "व्यवहार असतो हो, मनाला लावून घेऊ नका."

मालकाने काढलं तर व्यवहार आणि खेळाडूने सोडलं तर लोभ. हा हिशोब मला कोणीतरी मांडून दाखवावा. साडूने स्वतः सात वर्षांत चार कंपन्या बदलल्या आहेत, दर वेळी पगार वाढवून. त्याला मात्र 'करिअर' म्हणतात.

असो. करार लांब का असतात? एक तर हमी. बेसबॉलमध्ये करार झाला की दुखापत झाली तरी पैसे मिळतात, ठरलेले सगळे. दुसरं म्हणजे कर. ठरावीक रकमेवर पगारखर्च गेला की संघाला कर भरावा लागतो, आणि तो करार वर्षांनी भागून येणाऱ्या सरासरीवर मोजतात. तीच रक्कम जास्त वर्षांत पसरली की दरसालचा आकडा बारीक दिसतो. शेवटची दोन-तीन वर्षं माणूस बहुधा कामाचा राहणार नाही हे दोन्ही बाजूंना माहीत असतं. मालक मूर्ख नसतात. मेट्सचे जुने मालक एकदा होते. २००० मध्ये बॉबी बोनियाला ५९ लाख डॉलर देऊन मोकळं व्हायचं, तर ते म्हणाले नंतर देतो, आठ टक्के व्याजाने. म्हणून २०११ ते २०३५ दर १ जुलैला त्याला सुमारे ११ लाख ९३ हजार डॉलर जातात. खेळणं सोडून त्याला जमाना झाला. आमच्या ग्रुपवर दर १ जुलैला त्याला शुभेच्छा देतात. पोस्टात ठेव ठेवणाऱ्या आपल्या आजोबांना हा व्यवहार पाच मिनिटांत कळला असता.

आणि डिग्रॉमच्या जागी मेट्सने कोणाला आणलं? जस्टिन व्हर्लँडर, वय ३९, दोन वर्षांचे ८ कोटी ६६ लाख. २०२३ मध्ये तोवरचा सर्वांत महागडा संघ आमचा होता. ७५ जिंकले, ८७ हरलो. ऑगस्ट लागेपर्यंत शर्झर आणि व्हर्लँडर दोघांनाही विकून टाकलं, वर त्यांच्या पगाराचा मोठा वाटा आपल्याच खिशातून भरून.

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजू, नाहीतर साडू खाली येऊन लिहील. रेंजर्सकडे पहिल्या वर्षी डिग्रॉमने सहाच सामने सुरू केले. पुन्हा कोपर, पुन्हा टॉमी जॉन. त्याच २०२३ ला रेंजर्स वर्ल्ड सिरीज (अंतिम मालिका) जिंकले, त्याच्याशिवाय. त्या ऑक्टोबरमध्ये पाच विजय नोंदवले ते नेथन एवाल्डीने, दोन वर्षांच्या ३.४ कोटींवाल्याने. साडू तेव्हा आठवडाभर 'न खेळता अंगठी' (विजेत्यांना मिळते ती) म्हणत होता, ऐकून घेतलं. आणि वॉशिंग्टनचा पिचर स्टीफन स्ट्रासबर्ग. २०१९ ला वर्ल्ड सिरीजचा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू), लगेच सात वर्षांचे साडेचोवीस कोटी, त्यानंतर एकूण आठ सामने. म्हणजे पिचरचा खांदा-कोपर ही विम्याच्या पलीकडची गोष्ट आहे, हे मला मान्य. तुमचे पैसे असते तर मीही तीनच वर्षं द्या म्हटलं असतं. पण खेळाडूला दिलेले घेऊ नको असं कसं म्हणणार?

प्लेऑफचं राहिलं. पिचिंग लागतं, पण सहा महिन्यांचं पिचिंग वेगळं आणि ऑक्टोबरचं वेगळं. ऑक्टोबरमध्ये पाच चांगले स्टार्टर (सामना सुरू करणारे पिचर) लागत नाहीत, तीन पुरतात, आणि बुलपेन (नंतर उतरणारे पिचर) शाबूत हवा. २०२२ ला १११ जिंकणारे लॉस एंजेलिसचे डॉजर्स त्याच सॅन डिएगोकडून हरले आणि ८७ जिंकणारं फिलाडेल्फिया वर्ल्ड सिरीजपर्यंत गेलं. त्यामुळे 'कोण जिंकेल' विचारणाऱ्याला मी हल्ली उत्तर देत नाही. अपवाद जपानी पिचर योशिनोबू यामामोटो. अमेरिकेत एकही चेंडू टाकायच्या आधी त्याला डॉजर्सनी बारा वर्षांचे साडेबत्तीस कोटी दिले, तेव्हा मी हसलो होतो. २०२५ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये त्याने तीन सामने जिंकले. सहाव्यात ९६ चेंडू टाकले आणि दुसऱ्या रात्री सातव्यात पुन्हा येऊन शेवटचे आठ बळी काढले. हसू परत घेतो.

आणि पिचिंग नसेल तर काय होतं, त्यासाठी आमच्याकडे बघा. हुआन सोटोला पंधरा वर्षांचे साडेशहात्तर कोटी, बॅट उत्तम चालली. २०२५ च्या जूनच्या मध्याला ४५ विजय, २४ पराभव, सगळ्यात पुढे. मग पिचर एकेक करून ढेपाळले, ८३-७९ वर घसरलो. सिनसिनाटीचेही ८३ होते, पण आपसातल्या सामन्यांत ते सरस, म्हणून ते आत आणि आम्ही बाहेर. एक विजय जास्त असता तर पुरला असता.

त्यातला एक कुठे गेला हे मला ठाऊक आहे, कारण मी तिथे होतो. १२ सप्टेंबर २०२५, रेंजर्स क्वीन्समध्ये, आणि पिचिंगला डिग्रॉम. मेट्स सोडल्यापासून इथे पहिल्यांदाच. सदतीस वर्षांचा, त्या मोसमात ३० सामने सुरू केले, ईआरए तीनच्या आत. सात इनिंग टाकल्या, तीनच धावा दिल्या, आम्ही ८-३ ने हरलो. पण तो पहिल्यांदा पिचरच्या उंचवट्यावर चढला तेव्हा सगळं मैदान उभं राहिलं. मी उभा राहिलो. शेजारी साडूही उभा, टाळ्या वाजवतोय. विचारलं, "काय हो, पैशासाठी गेलेल्याला?"

तो बसला, माझी बाही ओढली आणि म्हणाला, "बसा आता. मागच्यांना दिसत नाहीये."