दोन वर्षांसाठी आरओ: विकत की भाड्याने?

प्रश्न: वाघोलीत भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो, घरात चौघं. सोसायटीत बोअरचं आणि टँकरचं पाणी येतं, म्हणून रोज २० लिटरचा एक जार घेतो, ४० रुपयांना. दारावर आलेल्या विक्रेत्याने आरओ-यूव्ही (क्षार गाळणारं आणि अतिनील किरणांनी जंतू मारणारं) मशीन १८,००० रुपयांना, १२ ‘नो कॉस्ट’ हप्त्यांत देऊ केलंय. एएमसी, म्हणजे देखभालीचा करार, वर्षाला ५,५००. चार वर्षांचे एकदम भरले तर २०,०००. एक कंपनी ५५० रुपये महिन्याने भाड्याने मशीन देते. दोन वर्षांनी कोथरूडला स्वतःच्या घरात जाणार आहोत. काय घ्यावं?

उत्तर: दोन वर्षांनी कोथरूडला जाणार, हे विक्रेत्याला सांगितलं होतंत का? सगळा हिशेब त्यावरच फिरतो. कोथरूडला खडकवासल्याचं पाणी येतं. त्याचा टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) ५०० च्या बराच खाली असतो, तिथे आरओची गरज पडत नाही. म्हणजे हे मशीन तुम्हाला दोनच वर्षं लागणार आहे, आणि दोन वर्षांचाच खर्च मांडायला हवा.

जार: ४० गुणिले ७३० दिवस, २९,२०० रुपये.

विकत: मशीनचे १८,०००. पहिल्या वर्षी वॉरंटी असली तरी सेडिमेंट आणि कार्बन फिल्टर बहुतेक वेळा ‘झिजणारे भाग’ म्हणून तिच्या बाहेर असतात. त्याचे दोनेक हजार धरा. दुसऱ्या वर्षीची एएमसी ५,५००. एकूण २५,५००. निघताना जुनं मशीन तीन-चार हजारांना गेलं तरी २२ हजारांच्या आसपास खर्च आहेच.

भाड्याने: ५५० मध्ये जीएसटी धरलाय का, हे आधी विचारा. धरलेला नसेल तर १८ टक्के मिळवून ६४९ होतात, २४ महिन्यांचे १५,५७६. यात फिल्टर, मेम्ब्रेन (आरओमधला क्षार अडवणारा पडदा), सर्व्हिस सगळं धरलेलं असावं, आणि ते करारात लिहून घ्यावं.

तेव्हा माझं मत भाड्याच्या बाजूने.

चार वर्षांच्या २०,००० च्या एएमसीत ‘सूट’ २,००० ची दिसते. पण पहिलं वर्ष वॉरंटीत जाणार आणि दोन वर्षांनी तुम्ही निघणार, म्हणजे तुम्हाला एएमसी लागते एकाच वर्षाची. ५,५०० च्या गरजेसाठी २०,००० आगाऊ कशाला अडकवायचे? हप्त्यांचंही तसंच. ‘नो कॉस्ट’मध्ये व्याजाएवढी सूट आधी वजा दाखवतात, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि बँकेची प्रोसेसिंग फी तुमच्याच कार्डावर पडते. १८,००० च्या खरेदीत हे चार-पाचशे रुपये होतात, शिवाय रोखीने घासाघीस करून जे सुटले असते तेही गेले.

भाड्याच्या करारात लिटरची मर्यादा नीट वाचा. दिवसाला २० लिटर म्हणजे महिन्याला ६०० लिटर. प्लॅन ५०० चा असेल तर पंचविसाव्या दिवशीच मशीन थांबेल किंवा जादा पैसे पडतील. भिंतीला भोकं पाडायची तर घरमालकांची परवानगी व्हॉट्सॲपवर का होईना, लेखी घ्या.

पण सही करण्याआधी पाणी मोजा. टीडीएस मीटर दोन-तीनशे रुपयांना मिळतो. टँकर आला त्या दिवशी आणि नुसतं बोअरचं पाणी असेल त्या दिवशी, दोन्ही वेळा मोजा. भारतीय मानक आयएस १०५०० मध्ये स्वीकारार्ह मर्यादा ५०० मिलिग्रॅम प्रतिलिटर आहे. दुसरा स्रोत नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतात. आकडा ५०० च्या वर असेल तर आरओ घ्या. मात्र मीटर फक्त विरघळलेले क्षार दाखवतो, जंतू किंवा नायट्रेट नाही. बोअरजवळ सेप्टिक टँक असेल तर नायट्रेटची प्रयोगशाळेत तपासणी कराच (मर्यादा ४५). नायट्रेट उकळून किंवा यूव्हीने जात नाही. ते मर्यादेबाहेर निघालं, तर मशीनमधला टीडीएस कंट्रोलर पूर्ण बंद ठेवायला सांगा, कारण ‘चव येण्यासाठी’ तो मेम्ब्रेनला वळसा घालून आलेलं पाणीच शुद्ध पाण्यात मिसळतो.

विक्रेत्याने दोन ग्लासांत विजेच्या कांड्या बुडवून तुमचं पाणी तपकिरी करून दाखवलं असेल, तर घाबरू नका. तो रंग कांडीतल्या लोखंडाचा. क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते, लोखंड सुटतं आणि गाळ दिसतो. आरओच्या पाण्यातून वीज जेमतेम वाहते, म्हणून ते स्वच्छ राहतं. चांगलं मिनरल वॉटर ओतलं तरी असाच गाळ येईल!

वापरताना एकच पथ्य, कार्बन फिल्टर वेळेवर बदलून घ्या. तो संपला की टँकरच्या पाण्यातलं क्लोरीन थेट मेम्ब्रेनला लागतं आणि ती खराब होते. बाहेर पडणाऱ्या पाण्याचा टीडीएस महिन्यातून एकदा कॅलेंडरवर लिहून ठेवा. पन्नासचा दीडशे झाला आणि कंट्रोलरला कुणी हात लावलेला नसेल, तर मेम्ब्रेन गेली समजा.

एक खर्च कोणत्याच कोटेशनमध्ये नसतो. घरगुती आरओ साधारण एक लिटर पाणी देताना तीन लिटर टाकून देतो. २० लिटरमागे ६० लिटर. १०,००० लिटरचा टँकर दीड हजाराला धरला, तर हे रोजचे ९ रुपये, वर्षाचे ३,२८५. ते तुमच्या बिलात नाहीत, सोसायटीच्या मेंटेनन्समध्ये सगळ्यांच्या डोक्यावर जातात. तेव्हा ती नळी बादलीत सोडा, पाणी फरशी आणि फ्लशला वापरा. कुंड्यांना नको, क्षार साठतात.

जारचे महिना १,२०० वाचतील, भाड्याचे ६४९ जातील. उरलेल्यांतले ५०० रुपये २४ महिन्यांच्या आरडीत टाका. कोथरूडला गेल्यावर तिथलं पाणी पुन्हा मोजा. यूव्हीचं साधं मशीन त्या १२ हजारांत बसेल.