इंटरफेरॉनला स्कोप आहे का?

तासगाव तालुक्यातून एका वडिलांचं पत्र आलंय. घरची द्राक्षबाग आहे. मुलीनं दोनदा नीट दिली, एमबीबीएसला नंबर लागला नाही. तिच्या काकांना हिपॅटायटिस सी (विषाणूमुळे होणारा यकृताचा आजार) झाला होता, तेव्हा इंटरफेरॉनची इंजेक्शनं चालू होती. आता ती म्हणते, "डॉक्टर नको, मला इंटरफेरॉनवर संशोधन करायचंय." वडील विचारतात: याला स्कोप आहे का, की तिसऱ्यांदा नीटला बसवू?

दादा, नमस्कार.

तिसऱ्यांदा नीट नको. मुलगी स्वतःच नको म्हणतेय, मग ओढून-ताणून काही होत नाही.

राहिलं इंटरफेरॉन. काकांचे हाल तिनं पाहिले असणार. सुई घेतली की काही तासांत हुडहुडी भरून ताप, अंग मोडून येणं, आणि हे सहा महिने ते वर्षभर. काहींना तर त्यातून नैराश्य यायचं. गंमत म्हणजे हे औषध आपलं शरीर स्वतःच बनवतं. विषाणू शिरलेली पेशी इंटरफेरॉन सोडून शेजारच्या पेशींत जणू दवंडी पिटते आणि त्या आपापली दारं लावून घेतात. १९५७ मध्ये लंडनमध्ये आयझॅक्स आणि लिंडेनमान यांनी हे शोधलं. पण औषध म्हणून द्यायचं तर आणायचं कुठून? फिनलंडमध्ये कारी कँटेल दान केलेल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींपासून ते काढायचे. हजारो लिटर रक्तातून ग्रॅमभरही मिळत नसे. १९८० च्या सुमारास माणसाचं इंटरफेरॉनचं जनुक जिवाणूत घालून ते बनवता आलं, आणि १९८६ मध्ये अमेरिकेत हेअरी सेल ल्युकेमिया या रक्ताच्या कॅन्सरसाठी त्याला मान्यता मिळाली. मग हिपॅटायटिस सी आणि बी, मेलानोमा हा त्वचेचा कॅन्सर अशी यादी वाढत गेली.

आता तिला पुढचंही सांगा. आज हिपॅटायटिस सी बहुतेकांचा साधारण १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो आणि सरकारी कार्यक्रमात त्या मोफत मिळतात. काकांना दिलेली सुई त्या आजारासाठी जवळपास मोडीत निघाली. मेलानोमातही नवी औषधं पुढे गेली. हिपॅटायटिस बी आणि पॉलिसायथेमिया व्हेरासारख्या रक्ताच्या विकारात इंटरफेरॉन अजून वापरतात, पण एकाच औषधावर आयुष्य बांधायचं म्हटलं तर मी नाहीच म्हणेन.

ते औषध ज्या हातांनी बनतं, त्या हातांना मात्र काम आहे. जिवाणूत किंवा पेशीत प्रथिन तयार करायचं, फर्मेंटरमध्ये, म्हणजे जिवाणू-पेशी वाढवायच्या टाकीत, वाढवायचं, कॉलममधून शुद्ध करायचं, प्रत्येक बॅच तपासायची. इन्सुलिन असो, कॅन्सरची अँटिबॉडी असो, कौशल्य बरंचसं हेच. पुण्यात, हैदराबादेत, अहमदाबादेत अशा कंपन्या आहेत. सुरुवातीचा पगार डॉक्टरसारखा नसतो, शिफ्टही असतात, हे आधीच माहीत असू द्या.

रस्ता असा: सांगलीतच मायक्रोबायोलॉजी किंवा बायोटेक्नॉलॉजी घेऊन बी.एस्सी. करू द्या, पुण्याची घाई नको. शेवटच्या वर्षात 'जॅम' आणि 'गॅट-बी' या एम.एस्सी. प्रवेशाच्या परीक्षा द्यायच्या; नाहीच जमलं तर कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात एम.एस्सी. आहेच. खरंच संशोधन करायचं असेल तर पुढे नेट ही पात्रता परीक्षा आणि पीएच.डी. करावी लागेल. पुण्यात विषाणूंसाठी एनआयव्ही ही संशोधन संस्था आहे, पेशी आणि कॅन्सरसाठी एनसीसीएस. म्हणजे बारावीपासून दहा वर्षं धरून चाला; लग्नाचा विषय मध्ये काढणार असाल तर तिच्याशी आत्ताच मोकळं बोला. औषध बनवण्याच्या बाजूला लवकर नोकरी हवी असेल तर एमएचटी-सीईटीतून बी.फार्म. हाही पर्याय आहे.

एका गोष्टीपासून सांभाळा. बायोटेकच्या नावाखाली लाखांत फी घेणारी खासगी कॉलेजं बागेवर कर्ज काढायला लावतील. प्रवेशाआधी तिथली लॅब बघायला मागा. फर्मेंटर आहे का आणि मुलं तो स्वतः चालवतात का, हे शिपायालाही विचारा. तो खरं सांगतो. मागच्या बॅचमधली मुलं कुठं लागली तेही विचारा, आणि त्यातल्या दोघांशी बोलणं करून द्यायला सांगा. टाळाटाळ झाली तर चेकबुक खिशातच ठेवा.