कयाकवर चार दिवस: चार्जिंगचे प्रश्न

गुहागरहून रत्नागिरीपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने कयाकने, म्हणजे वल्ह्याच्या अरुंद होडीने, जायचं आहे. चार दिवस, तीन मुक्काम. 20 हजार एमएएचची एक पॉवर बँक पुरेल का? (पुणे)

बॉक्सवरचा आकडा बाजूला ठेवा आणि वॉट-तासात मोजा. पॉवर बँकेच्या आत 3.7 व्होल्टचे सेल असतात, म्हणून 20 हजार एमएएच म्हणजे 74 वॉट-तास. बाहेर वीज 5 व्होल्टने येते, त्या रूपांतरात काही वाया जाते. हातात येतात साधारण 60 वॉट-तास. बँकेच्या पाठीवर बारीक अक्षरात 'रेटेड कपॅसिटी' छापलेली असते, बारा-तेरा हजारांच्या आसपास. 5 व्होल्टच्या हिशेबाने खरा आकडा तोच.

आता खर्च. 5 हजार एमएएचचा फोन पूर्ण भरायला 19 वॉट-तास लागतात. फोन एअरप्लेन मोडवर ठेवून फक्त नकाशा पाहिलात, तर दिवसाला त्याच्या निम्म्यात भागतं. ॲक्शन कॅमेऱ्याच्या दोन बॅटऱ्या रोज संपवल्यात तर तेरा. व्हीएचएफ रेडिओ (समुद्रावर बोलायचा हातातला बिनतारी संच) आणि हेडटॉर्च मिळून सहा-सात. म्हणजे रोज तीसेक वॉट-तास. पहिल्या सकाळी सगळं भरून निघालात तरी तीन रात्रींचे नव्वद होतात. एक बँक दुसऱ्या रात्रीच संपेल.

दोन घ्या, 20-20 हजारांच्या, आणि दोन वेगळ्या ड्राय बॅगांत (पाणी आत येऊ न देणाऱ्या पिशव्यांत), शक्य असेल तर वेगवेगळ्या हॅचमध्ये, म्हणजे कयाकमधल्या झाकणाच्या कप्प्यांत, ठेवा. एका बॅगेत पाणी शिरलं तरी दुसरी वाचते. त्यातल्या एकीला कॅमेरा लावायचाच नाही, ती फक्त फोन आणि रेडिओसाठी. हा नियम मी फार कडकपणे पाळायला सांगतो, कारण तिसऱ्या संध्याकाळी सूर्यास्त सुंदर असतो आणि राखीव वीज नेमकी तिथेच खर्च होते.

वेळणेश्वर, हेदवी, मालगुंड, गणपतीपुळे अशी गावं वाटेत आहेत. घरगुती खानावळीत जेवण सांगितलं की प्लग सहसा मिळतो. पण 18 वॉटच्या चार्जरवर 20 हजारांची बँक भरायला पाच तास लागतात, जेवणाच्या तासाभरात फार तर पाचवा हिस्सा भरेल. तो वरकड धरा, भरवशाचा धरू नका. दिवे गेलेले असले तर तेवढंही नाही.

फोनच्या पोर्टमध्ये ओल असल्याची सूचना येते आणि चार्जिंग बंद होतं. फोन तर वॉटरप्रूफ आहे. असं का? (ठाणे)

या सदरात सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि दौरे खरे अडतात तेही इथेच. वीज कमी पडल्याने अडतात त्याहून जास्त.

फोन पाण्याला किती टिकतो हे सांगणाऱ्या आयपी 67 किंवा 68 या मानकांची चाचणी गोड्या पाण्यात होते. समुद्राचं पाणी वाळलं तरी मीठ पोर्टमध्ये राहतं, आणि कोकणातल्या दमट रात्री ते हवेतली ओल ओढून घेतं. म्हणून फोन तंबूत रात्रभर कोरडा ठेवला तरी सकाळी सूचना परत येते. सूचना डावलून केबल लावली की ओल्या मिठातून वीज वाहते आणि पिना झिजू लागतात. टॉर्चच्या उजेडात टाइप-सी पोर्टच्या आत डोकावून पाहा: पिनांच्या टोकाला हिरवट-काळे ठिपके दिसले तर झीज सुरू झाली आहे.

फोन पाण्याला टिकणारा असेल तर तो बंद करून पोर्टवर थोडं पिण्याचं पाणी ओता. पोर्ट खाली करून हलके झटके द्या आणि वाऱ्यावर, सावलीत वाळू द्या. घाई नको, काही तास लागतात. तांदळात पुरू नका, कण आत जातात. काडी किंवा पिन घालू नका. केबलचं टोकही तपासा, पुष्कळदा ओल फोनमध्ये नसून केबलमध्ये असते. दुसरी केबल झिपच्या पिशवीत वेगळी ठेवा आणि किनाऱ्यावर हात पुसल्याशिवाय ती पिशवी उघडू नका. पोर्टला रबरी बूच मिळतं, दिवसभर ते लावून ठेवा.

वायरलेस चार्जिंगने पोर्टचा प्रश्नच मिटतो, पण त्यात वीज बरीच जास्त लागते आणि फोन तापतो. अडीअडचणीला ठीक.

20 वॉटचं घडीचं सोलर पॅनेल कयाकच्या वरच्या भागावर (डेकवर) बांधलं तर पॉवर बँक लागणारच नाही ना? (नाशिक)

लागेल. 20 वॉट हा आकडा पॅनेल सूर्याला नीट समोर धरून, 25 अंश तापमानात मोजलेला असतो. डेकवर ते आडवं पडलेलं, तापलेलं, खाऱ्या थेंबांनी माखलेलं, आणि त्यावर वल्ह्याची नि तुमची सावली येत-जात असते. सेल एकापुढे एक जोडलेले असल्याने एका सेलवर सावली पडली तरी सगळ्या रांगेची वीज घटते. चालत्या कयाकवर निम्मे वॉट मिळाले तरी पुष्कळ.

पॅनेल न्यायचंच असेल तर मुक्कामाच्या दिवशी वाळूवर, सूर्याकडे तिरकं करून लावा. त्यावर फोन भरू नका, पॉवर बँक भरा. ढग आला की फोनचं चार्जिंग तुटत राहतं, बँक ते चढउतार सोसते. बँक मात्र पॅनेलच्या मागे सावलीत हवी. लिथियम बॅटरी 45 अंशांपेक्षा जास्त तापमानात भरू नये, आणि उन्हातल्या काळ्या ड्राय बॅगेत तापमान त्याच्या वर सहज जातं. बंद हॅचमध्ये किंवा गुंडाळलेल्या बॅगेत चार्जिंग लावून ठेवणं तर धोक्याचंच.

अमेरिकेहून डिसेंबरात येते आहे. माझ्याकडे उपग्रहावरून संदेश पाठवणारा कम्युनिकेटर आहे, तो कोकणात आणू का? (सिएटल)

आणू नका. भारतात अशी यंत्रं दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत. गोव्याच्या विमानतळावर 2024 मध्ये परदेशी प्रवाशांना याच कारणाने अडवलं गेलं आहे.

किनाऱ्याजवळ मोबाईलची रेंज बऱ्याच ठिकाणी येते, म्हणून फोन भरलेला राहणं इथे जास्त मोलाचं. तटरक्षक दलाचा 1554 हा क्रमांक सेव्ह करा. एअरप्लेन मोडमध्येही जीपीएस चालतं, तेव्हा नकाशे आधीच डाउनलोड करून ठेवा आणि ठरलेल्या वेळीच नेटवर्क चालू करा. कमजोर सिग्नल शोधत बसलेला फोन बॅटरी झपाट्याने खातो.

पॉवर बँका केबिन बॅगेतच ठेवा, चेक-इनमध्ये चालत नाहीत. 100 वॉट-तासांच्या आतल्या बँकेला वेगळी परवानगी लागत नाही, तरी विमान कंपनीचे नियम निघण्यापूर्वी वाचा.

हेडटॉर्च चार्जिंगचा घ्यावा की सेलचा? (कोल्हापूर)

सेलचा. पेन्सिल सेल किनाऱ्यावरच्या गावांतल्या किराणा दुकानातही मिळतात. घरून रिचार्जेबल सेल भरून न्या, आणि साध्या सेलचा एक न फोडलेला संच सोबत ठेवा.